दोन नद्यांच्या बेचक्यातली वाट

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, पोटोमॅक आणि शेनंडोआ या नद्यांच्या संगमावर हार्पर्स फेरी हे टुमदार गाव आहे. जिथून निघालो तिथेच परत आणणारी इथली पायवाट मध्यम दमछाकीची.

सुरुवात खालच्या बाजारपेठेतून. इथेच अग्निबंबाची छोटी विटांची इमारत आहे. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या जॉन ब्राऊनने १८५९च्या ऑक्टोबरात सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला आणि शेवटी तो याच इमारतीत पकडला गेला. पुढे ही इमारत सुटी करून शिकागोच्या प्रदर्शनात नेली आणि परत आणली. इतिहासाची अशी वरात क्वचितच निघते!

मग दगडी पायऱ्या, चर्च आणि जेफरसनचा खडक. १७८३ साली थॉमस जेफरसन इथून संगम पाहून भारावला होता. इथली वाट म्हणजे सुमारे साडेतीन हजार किलोमीटरच्या ॲपलेशियन ट्रेलचाच तुकडा. झाडांवरचे पांढरे पट्टे पाहत चालायचे. उतरल्यावर शेनंडोआच्या काठी व्हर्जिनियस बेटावर जुन्या गिरण्यांचे अवशेष दिसतात. १८७०च्या पुराने ही वस्ती उद्ध्वस्त केली. तिथून बाजारपेठ जवळच. पावसात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा चांगली पकड असलेले बूट हवेतच.