योग्य औषध, योग्य वेळी : रुग्णालयीन प्रयोगशाळांतील जलद संवेदनक्षमता चाचणी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी डॉक्टर असल्यामुळे मधुमेहावर किंवा हृदयविकारावर बोलावे, अशी आपल्यापैकी अनेकांची अपेक्षा असणार. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु आज मी रुग्णाच्या नजरेआड, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत घडणाऱ्या एका गोष्टीविषयी बोलणार आहे. ती वेळेवर घडली नाही तर काय होते, हे मी स्वतः पाहिले आहे आणि त्यात माझाही दोष होता. म्हणून प्रथम तो प्रसंगच सांगतो.

सन २०१२ मधील एक शुक्रवार. इंग्लंडमधील ज्या रुग्णालयात मी तेव्हा काम करीत होतो, तेथे साठीच्या आसपासच्या एका मराठी भगिनींना आणले गेले. थंडी वाजून ताप, कमरेत वेदना, रक्तदाब उतरलेला. मूत्रपिंडातील जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. सायंकाळी सात वाजता रक्त कल्चरसाठी घेतले आणि प्रघातानुसार को-अमॉक्सिक्लाव हे प्रतिजैविक सुरू केले. येथपर्यंत सर्व नियमाप्रमाणे झाले.

परंतु प्रयोगशाळेकडे जाणारी शेवटची फेरी निघून गेली होती. रक्ताच्या बाटल्या रात्रभर वॉर्डातच राहिल्या. शनिवारी सकाळी नऊ वाजता त्या यंत्रात ठेवल्या गेल्या. रात्री नऊला यंत्राने इशारा दिला की, बाटलीत जंतू वाढत आहेत. तो इशारा पाहण्यास तेथे कोणी नव्हते. रविवारी सकाळी नऊला पुढील काम सुरू झाले आणि मंगळवारी सकाळी दहाला अहवाल संगणकावर आला. को-अमॉक्सिक्लाव त्या जंतूवर निष्प्रभ होते. मी तो अहवाल वाचला दुपारी चार वाजता, वॉर्डातील फेरी आटोपल्यावर. त्यानंतर औषध बदलले.

शुक्रवारी सात ते मंगळवारी चार, म्हणजे ९३ तास. त्या भगिनी वाचल्या, परंतु त्यांची मूत्रपिंडे पूर्ववत झाली नाहीत आणि पुढे त्यांना डायलिसिसचा आधार घ्यावा लागला. योग्य औषध लवकर मिळाले असते तर हे टळले असते काय, याचे उत्तर कोणताही प्रामाणिक डॉक्टर छातीठोकपणे देणार नाही. परंतु तो प्रश्न माझी पाठ सोडीत नाही.

आता ही चाचणी म्हणजे काय ते समजावून घेऊ. रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून उबवतात. जंतू वाढले की त्या द्रवाचा थेंब पोषक थराच्या प्लेटवर पसरतात. रात्रभरात त्यांच्या वसाहती दिसू लागतात. त्यांतून शुद्ध जंतू घेऊन दुसरी प्लेट तयार करतात आणि तिच्यावर निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या कागदी चकत्या ठेवतात. औषध थरात झिरपते. ते परिणामकारक असेल तर चकतीभोवती जंतूंची वाढ होत नाही आणि एक स्वच्छ वर्तुळ उमटते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून जंतू औषधाला दाद देतो की नाही हे ठरवतात. आपण सर्वजण जिला 'कल्चर-सेन्सिटिव्हिटी' म्हणतो ती हीच. १९६६ साली अमेरिकेतील सिएटल येथील बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला प्रमाणबद्ध रूप दिले. पद्धत उत्तम आहे, स्वस्त आहे. परंतु बाटलीने इशारा दिल्यानंतरही तिला सुमारे दोन दिवस लागतात.

रक्तात जंतू पसरलेल्या रुग्णाला दोन दिवस हा काळ लहान नाही. उत्तर अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींवरून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत, परिणामकारक औषधाला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या विलंबागणिक रुग्ण वाचण्याचे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत होते. शिवाय औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०२२ साली प्रसिद्ध केला. अंदाजाने दिलेले पहिले औषध चुकण्याची शक्यता आज पूर्वीपेक्षा अधिक आहे, आणि म्हणूनच उत्तर लवकर मिळण्याची निकडही अधिक आहे.

यावर युरोपातील 'युकास्ट' या प्रमाणक समितीने २०१८ साली एक साधा मार्ग दिला. बाटलीतील द्रव, सुमारे १२५ मायक्रोलिटर म्हणजे दोन-तीन थेंब, सरळ प्लेटवर पसरावयाचा, त्याच जुन्या चकत्या ठेवावयाच्या आणि चार, सहा व आठ तासांनी वर्तुळे मोजावयाची. नवे यंत्र नाही. मात्र प्रत्येक जंतूसाठी व प्रत्येक तासासाठी व्यासाचे निकष वेगळे आहेत. म्हणून जंतू कोणता हे आधी ओळखावे लागते आणि वेळ मिनिटांच्या हिशेबाने पाळावी लागते. उत्तर संदिग्ध वाटले तर ते न देता प्लेट पुन्हा उबवण्यास ठेवावयाची, असा शहाणपणाचा नियमही त्यात आहे. घाईने चुकीचे उत्तर देण्यापेक्षा दोन तास थांबणे बरे.

सुमारे सात तासांत उत्तर देणारी स्वयंचलित यंत्रेही आली. अमेरिकेत अशा एका यंत्राला २०१७ साली मान्यता मिळाली. लघवीतील संसर्गासाठी स्वीडनमध्ये विकसित झालेल्या एका उपकरणाला २०२४ साली ब्रिटनचा ८० लाख पौंडांचा 'लाँजिट्यूड' पुरस्कार मिळाला. ते सुमारे ४५ मिनिटांत उत्तर देते. विज्ञानाची ही झेप अभिमानास्पद आहे.

परंतु बंधू-भगिनींनो, माझ्या आजच्या सांगण्याचा गाभा यंत्रात नाही. त्या ९३ तासांचा हिशेब मांडू. बाटली वॉर्डात पडून राहिली १४ तास. जंतू वाढण्यास लागले १२ तास. यंत्राचा इशारा दुर्लक्षित राहिला १२ तास. प्लेटवरील चाचणीस लागले ४९ तास. तयार अहवाल न वाचलेला राहिला ६ तास. जलद चाचणीने ४९ तासांचे सहा तास होतील, ही मोठीच बचत. पण १४, १२ आणि ६ मिळून होणारे ३२ तास कोणतीही चाचणी चाललेलीच नव्हती. त्यांना कोणते यंत्र कमी करणार? ती बाटली तासाभरात यंत्रात गेली असती, इशारा होताच तासाभरात प्लेट तयार झाली असती, सहा तासांनी वाचली गेली असती आणि तासाभरात कोणी दूरध्वनी केला असता, तर ९३ च्या जागी २१ तास झाले असते. शनिवारी दुपारी चार वाजता त्या भगिनींना योग्य औषध मिळाले असते.

पुढे दुसऱ्या एका रुग्णालयात ही पद्धत सुरू करण्याचा विषय निघाला तेव्हा मी त्या समितीत होतो. चकत्यांच्या खर्चावर फारसा वाद झाला नाही. प्रयोगशाळेतील एका अनुभवी तंत्रज्ञ बाईंनी एकच प्रश्न विचारला, "रात्री आठला लावलेली प्लेट दोन वाजता वाचणार कोण? आणि मी वाचली, तर तिकडे माझा फोन घेणार कोण?" त्यांचा विरोध नव्हता, त्यांना कामाची खरी अडचण ठाऊक होती. त्या प्रश्नाचे उत्तर तयार होईपर्यंत आम्ही चाचणी सुरू केली नाही. आठवड्याचे सातही दिवस बाटल्या नेण्याची सोय, प्लेट वाचणाऱ्यांच्या पाळ्या आणि फोन घेऊन औषध बदलण्याचा अधिकार असलेला डॉक्टर, या तीन गोष्टी आधी ठरल्या. ब्रिटनच्या आरोग्यसेवेनेही रक्त घेतल्यापासून चार तासांच्या आत बाटली यंत्रात जावी असा दंडक घातलेला आहे. तो दिसावयास क्षुल्लक आहे, परंतु माझ्या मते तो नव्या यंत्राइतकाच मोलाचा आहे.

संशोधनही हेच सांगते. अमेरिकेत जलद चाचणीची नेहमीच्या चाचणीशी तुलना करून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषधबदल लवकर झाला, परंतु मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. त्यापूर्वी, २०१७ साली, रक्तातील जंतू झटपट ओळखण्याच्या चाचण्यांवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात जेथे अहवालावर लक्ष ठेवून डॉक्टरांना तत्काळ सल्ला देणारी व्यवस्था होती, तेथे मृत्यू कमी आढळले. अशी व्यवस्था नसलेल्या ठिकाणी तसा निश्चित लाभ दिसला नाही. अहवाल जलद येणे आणि उपचार जलद होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

जलद अहवालाचा आणखी एक उपयोग विसरू नये. भीतीपोटी आपण अतिशय प्रबळ, राखीव ठेवावयाची औषधे देतो. साधे औषध पुरेसे आहे हे त्याच दिवशी कळले तर प्रबळ औषध थांबवता येते. त्याने आजचा रुग्ण दुष्परिणामांपासून वाचतो आणि उद्याच्या रुग्णासाठी ते औषध शिल्लक राहते.

आता आपल्या घरांविषयी. त्या भगिनी तीनच आठवड्यांपूर्वी महाराष्ट्रातून परतल्या होत्या आणि तेथे आठवडाभर एका रुग्णालयात इंजेक्शने घेत होत्या. हे मला बुधवारी कळले. त्यांचा मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आम्ही हे आधी सांगायला हवं होतं का?" मी म्हणालो, "नाही बाळा, मी विचारायला हवं होतं." दुसऱ्या देशातील रुग्णालयात राहून आलेल्या व्यक्तीच्या शरीरात प्रतिरोधक जंतू असण्याची शक्यता अधिक असते. एवढी एक माहिती शुक्रवारी मिळाली असती तर पहिले औषधच मी वेगळे निवडले असते. कोणत्याही चाचणीपेक्षा ती जलद होती, आणि ती फुकट होती.

म्हणून आपणांस माझी विनंती आहे. गेल्या वर्षभरात भारतात किंवा अन्यत्र रुग्णालयात राहिला असाल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा. गावाहून येताना आणलेल्या पेटीतील उरलेल्या प्रतिजैविक गोळ्या ताप आला म्हणून घेऊ नका. त्या अर्धवट मात्रेने जंतू मरत नाहीत, पण कल्चरमध्ये सापडेनासे होतात. घेतल्या असतील तर लपवू नका, कोणी रागावणार नाही. आणि आपले माणूस तापाने रुग्णालयात असेल तर नम्रपणे विचारा : कल्चर पाठवले काय? उत्तर केव्हा येईल? ते कोण पाहणार? हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अवमान नव्हे. २०१२ च्या त्या शनिवारी कोणी मला ते विचारले असते तर मी फोन उचलला असता.

आपल्यातील अनेक जण रुग्णालयांतच नोकरीस आहेत. कोणी परिचारिका, कोणी तंत्रज्ञ, कोणी नमुने वाहून नेणारे. त्यांना एवढेच सांगतो की, ती बाटली वेळेवर पोहोचवणारा माणूस, ती प्लेट रात्री वाचणारी व्यक्ती आणि औषध लिहिणारा डॉक्टर यांच्यात थोर-लहान कोणी नाही. साखळीतील एक कडी थांबली की रुग्णाचे तास वाया जातात.