तंजावूरचे दप्तर आणि इतिहासाचा अध्यापक



शाळेच्या हीरक महोत्सवात गौरव व्हायचा तो सामान्यतः मोठ्या पदांवर पोहोचलेल्या विद्यार्थ्यांचा. आजचा विषय त्या मानाने कमी झगमगाटाचा आहे. एखाद्या प्रदेशाचा इतिहास आयुष्यभर अभ्यासणारा आणि शिकविणारा प्राध्यापक कसा घडतो, त्याची कारकीर्द कशात खर्ची पडते आणि त्याच्या पश्चात काय उरते, याचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी स्थळ निवडले आहे ते महाराष्ट्रापासून फार दूरचे: तमिळनाडूतील तंजावूरचा राजवाडा आणि त्याचा परिसर. मराठी भाषेचा एवढा मोठा ठेवा महाराष्ट्राबाहेर क्वचितच कोठे असेल. आणि तो वाचून दाखविणारे बहुतेक अध्यापक मराठी मातृभाषेचे नव्हते, ही गोष्ट मराठी माध्यमाच्या शाळेने मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, ज्यांना दक्षिणेत एकोजी म्हणून ओळखतात, त्यांनी 1675-76 च्या सुमारास नायकांच्या या राजधानीत भोसल्यांची सत्ता स्थापन केली. ती 1855 पर्यंत टिकली. पौने दोनशेहून अधिक वर्षे कावेरीच्या सुपीक खोऱ्यात तमिळ रयत, तेलुगू कवी, संस्कृत पंडित आणि मराठी कारभारी एकत्र नांदले. दरबारात शाहजी राजांसारखा राजा तेलुगूत नाट्यरचना करी, त्याच दरबारात मराठी नाटकेही लिहिली जात आणि दप्तराचा हिशेब मोडीत उतरे. अशा राज्याचा इतिहास एका भाषेच्या बळावर लिहिता येत नाही. तंजावूरच्या इतिहासाच्या अध्यापकासमोरची पहिली अडचण हीच.

या इतिहासाची साधने आज उपलब्ध आहेत याचे श्रेय मुख्यतः दुसऱ्या सरफोजी राजांना द्यावे लागते. त्यांचा जन्म 1777 चा. 1787 मध्ये तुळजाजी राजांनी मृत्यूपूर्वी त्यांना दत्तक घेतले आणि श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याकडे त्यांच्या देखरेखीची जबाबदारी सोपविली. परंतु तुळजाजींच्या निधनानंतर दत्तकविधानावर आक्षेप घेण्यात आले. शास्त्रार्थ झाला, पंडितांची मते मागविली गेली आणि कंपनी सरकारने तुळजाजींचे बंधू अमरसिंग यांना गादीवर बसविले. पुढे सरफोजींना सुरक्षिततेसाठी मद्रासला हलविण्यात आले. शिक्षण तेथेही चालू राहिले. दत्तक वैध असल्याचा निर्णय अखेरीस झाला आणि 1798 मध्ये त्यांना गादी मिळाली. पण पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तो किल्ला, राजवाडा, ठरीव उत्पन्न आणि भरपूर मोकळा वेळ.

सत्ता गेलेल्या राजांनी त्या वेळेचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. 1805 मध्ये त्यांनी देवनागरी ठशांचा छापखाना काढला. तेथे छापलेल्या पुस्तकांत ईसापच्या नीतिकथांचे मराठी रूपांतर ‘बालबोधमुक्तावली’ हे एक होते. म्हणजे पुण्या-मुंबईत मराठी छपाई रुजण्याच्या कितीतरी आधी कावेरीकाठी मुलांसाठी मराठी पुस्तक छापले गेले होते. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्रात प्रवाशांच्या अन्नदानाबरोबर विद्यादानाचीही सोय होती. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग चालत आणि नेत्ररोग्यांवरील उपचारांच्या नोंदी ठेवल्या जात. नायकांच्या काळापासून चालत आलेला ग्रंथसंग्रह त्यांनी युरोपीय भाषांतील पुस्तके, नकाशे आणि 1820 ते 1822 या काळातील काशीयात्रेत मिळविलेली हस्तलिखिते यांनी वाढविला. तोच आजचा सरस्वती महाल. 1832 मध्ये राजे निवर्तले तेव्हा मागे ठेवलेला त्यांचा सर्वांत टिकाऊ वारसा हाच होता.

राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राजराज चोळाचे बृहदीश्वर मंदिर आहे. 1010 च्या सुमारास पूर्ण झालेल्या या मंदिराच्या भिंतींवर चोळांचे तमिळ लेख आहेत. आणि त्याच मंदिराच्या आवारात, प्राकाराच्या भिंतीवर, 1803 मध्ये सरफोजींच्या आज्ञेने कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आहे. त्याचा लेखक बाबूराव चिटणीस. जगातील अतिदीर्घ शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. महाराष्ट्रातून गेलेला यात्रेकरू ती देवनागरी अक्षरे पाहून हरखतो, एकदोन ओळी वाचतो, छायाचित्र काढतो आणि पुढे निघतो. इतिहासाच्या अध्यापकाचे काम मात्र तेथूनच सुरू होते.

तो पहिला प्रश्न विचारतो तो असा: हा लेख 1803 मध्येच का कोरला गेला? दत्तकविधानाचा वाद मिटून पाच वर्षे आणि राज्यकारभार हातून जाऊन चार वर्षे झाली होती. वंशपरंपरा दगडावर, आणि तीही सर्वांना दिसेल अशा देवस्थानात नोंदविण्याची निकड कोणाला असते? जिच्या अधिकाराविषयी शंका घेतली गेली आहे, अशा व्यक्तीला. याचा अर्थ लेख खोटा आहे, असा नव्हे. आरंभीच्या पिढ्यांच्या कथनात पौराणिक व ऐकीव भाग मिसळलेला आहे. लेखकाच्या काळाकडे यावे तसतसे त्याचे मोल वाढत जाते. पण ‘काय लिहिले आहे’ याच्या जोडीला ‘कोणी, कोणासाठी आणि केव्हा लिहिले’ हे विचारल्याखेरीज साधनाचा उपयोग करावयाचा नाही, हा धडा या एका भिंतीवरून जितका स्वच्छ शिकविता येतो तितका जाड ग्रंथांतूनही येत नाही.

हे काम करणाऱ्यांची परंपरा आता पाहू. तिच्या आरंभी एक न्यायाधीश उभा आहे. आर्थर बर्नेल हा तंजावूरचा जिल्हा न्यायाधीश. दक्षिण भारतीय लिप्यांवरचा त्याचा ग्रंथ 1874 मध्ये निघाला. न्यायदानाचे काम सांभाळून त्याने राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची तयार केली. ती 1880 मध्ये प्रसिद्ध झाली आणि दोनच वर्षांनी, वयाच्या बेचाळिशीच्या आसपास, त्याचा मृत्यू झाला. सूची हे निरस काम समजले जाते. परंतु ज्या पोथीचे नाव कोठेही नोंदलेले नाही ती अभ्यासकाच्या दृष्टीने हरवलेलीच असते.

बर्नेलने घातलेल्या पायावर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक पी. पी. एस. शास्त्री यांनी इमारत उभी केली. ऑक्टोबर 1918 मध्ये सरस्वती महाल लोकांसाठी खुला झाला होता. शास्त्रीबुवांनी 1928 ते 1934 या अवघ्या काही वर्षांत संस्कृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची एकोणीस खंडांत प्रसिद्ध केली. प्रत्येक पोथीची पाने, लिपी, आरंभ, शेवट, कर्ता आणि पूर्वीच्या सूचीतील चुका यांची नोंद असे त्या कामाचे स्वरूप. या खंडांना सर्वसामान्य वाचक लाभला नाही, लाभणारही नव्हता. त्यानंतर मात्र सरस्वती महालात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक संशोधकाची वाट त्यांनी सुकर केली.

त्याच 1928 मध्ये के. आर. सुब्रमणियन या इतिहासाच्या अभ्यासकाचा तंजावूरच्या मराठा राजांवरील इंग्रजी ग्रंथ मद्रासला निघाला. आकाराने लहान, पण हेतूने मोठा. तोवर मराठ्यांचा इतिहास म्हणजे पुणे-सातारा, आणि दक्षिणेचा इतिहास म्हणजे चोळ-पांड्य-विजयनगर, अशी विभागणी झालेली होती. तंजावूरचे भोसले दोन्हींच्या कडेला पडत. मराठी इतिहासकारांना ते दूरचे वाटत आणि तमिळ इतिहासकारांना परके. सुब्रमणियन यांनी त्यांना एका सलग ग्रंथाचा विषय केले. प्रादेशिक इतिहासाचा अध्यापक करतो ते मुख्यतः हेच: मोठ्या इतिहासांनी समासात लोटलेले मधोमध आणून ठेवणे.

तिसरे उदाहरण अण्णामलै विद्यापीठातील इतिहासाचे अध्यापक एस. के. गोविंदस्वामी यांचे. 1931 मध्ये बृहदीश्वराच्या गर्भगृहाभोवतालच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात त्यांना नायककालीन रंगाच्या थराखाली चोळकालीन भित्तिचित्रे आढळली. नऊशे वर्षांपूर्वीचे रंग, तेही रोज पूजा चालणाऱ्या मंदिरात! तोवर त्या मार्गाजवळून किती पिढ्या गेल्या असतील. कोणाला शोध लागला नाही, कारण वरचा थर हाच शेवटचा, अशी सर्वांची समजूत होती. इतिहासाच्या अध्यापकाच्या अंगी ही चिकित्सक नजर असावी लागते.

भोसलेकालीन सामाजिक जीवनाचा सविस्तर वेध घेतला तो तमिळ पंडितांनी. 1981 मध्ये तंजावूरला तमिळ विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठाने मराठा काळातील राज्यव्यवहार आणि समाजजीवन यांवरील के. एम. वेंकटरामय्या यांचा मोठा तमिळ ग्रंथ 1984 मध्ये प्रसिद्ध केला. त्याच दशकात निवडक मोडी कागदांचे तमिळ भाषांतरही छापले गेले. मोडी लिपीतील मराठी कागद, त्यांचा तमिळ अनुवाद आणि तमिळ वाचक, असा हा प्रवास आहे. तंजावूरच्या मराठी दप्तरातील कित्येक गोष्टी आज तमिळ वाचकाला ठाऊक आहेत आणि मराठी वाचकाला नाहीत, हे ऐकून अभिमान वाटावा की संकोच, याचा निर्णय ज्याने त्याने करावा.

या दप्तराची व्याप्ती किती? सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते तीन हजारांहून अधिक आहेत. शिवाय राज्यकारभाराच्या मोडी कागदांचे 1342 रुमाल. त्यांत लढाया फारशा नाहीत. छत्रांचा खर्च, गवयांचे आणि नर्तकींचे वेतन, लग्नकार्याची खरेदी, औषधांचा हिशेब, मंदिरांच्या नेमणुका, पत्रव्यवहार असे रोजच्या जगण्याचे तपशील त्यांत भरले आहेत. तंजावूरच्या संगीत-नृत्याचा इतिहास लिहिणाऱ्याला वेतनाची एक नोंद पुष्कळदा दहा आख्यायिकांपेक्षा अधिक उपयोगी पडते. सांबाराचे नाव संभाजी महाराजांवरून पडले, ही तंजावूरची कथा घरोघरी सांगतात. कथा गोड आहे. तिला समकालीन कागदाचा आधार मात्र दाखविला जात नाही. अशा वेळी श्रोत्यांचा विरस पत्करून ‘पुरावा कोठे आहे?’ असे विचारणे, हा अध्यापकाच्या व्रताचा भाग आहे.

कागद टिकले तेही सहजासहजी नव्हे. 1855 मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्राविना वारले. कंपनीने राज्य खालसा केले आणि राजांची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरल्या राणीसाहेब कामाक्षीबाई यांनी न्यायालयात दाद मागितली. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. पण 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, ही सार्वभौम सत्तेची कृती असल्याने न्यायालयांना तिच्यात हात घालता येत नाही, असे ठरविले. भारतातील विधिमहाविद्यालयांत हा खटला आजही शिकविला जातो. राज्य गेले, मालमत्तेचा वाद लढला गेला, घराणे खालावले. पण ग्रंथसंग्रह विस्कटून विकला गेला नाही. तो तेथेच राहिला आणि पुढे लोकांचा झाला.

आता उरतो तो आपल्याशी संबंध असलेला प्रश्न. रुमाल आहेत, सूच्या आहेत, 1951 मध्ये सरस्वती महालाने प्रसिद्ध केलेली शिलालेखाची आवृत्ती आहे. अभाव आहे तो वाचकांचा. मोडी वाचणारे महाराष्ट्रातच विरळ झाले आहेत. तंजावूरच्या मोडीचे वळण, तेथील मराठीत मिसळलेले तमिळ-तेलुगू शब्द आणि स्थानिक मापे समजणारे तर त्याहून विरळ. तंजावूरकडील मराठी कुटुंबे घरात आपली दक्षिणी मराठी अजून बोलतात, परंतु लिहिण्याची वेळ आली की बहुतेकांची भाषा तमिळ किंवा इंग्रजी होते. कागद वाळवीपासून वाचविता येतो. वाचणाराच उरला नाही तर तो वाचविण्याचा हेतू निम्मा फसतो.

मराठी माध्यमाच्या शाळेने साठ वर्षे मुलांच्या हाती देवनागरी अक्षरे दिली. मोडी ही त्याच भाषेची धावती लिपी. चिकाटीच्या विद्यार्थ्याला काही महिन्यांच्या सरावाने छापील उतारे लागू लागतात. जुने हस्ताक्षर लागावयास वर्षे जातात. माजी विद्यार्थ्यांपैकी दहाजणांनी जरी हा अभ्यास आरंभिला, आपापल्या घरच्या माळ्यावरचे जुने कागद टाकून न देता त्यांची यादी केली आणि पालकांनी इतिहासाकडे वळू पाहणाऱ्या मुलाला ‘त्यात काय मिळणार?’ असे विचारून मागे ओढले नाही, तर या महोत्सवातून काही कायमचे निष्पन्न झाले असे म्हणता येईल.

मिळणार काय, याचे उत्तर वरील नावांत आहे. बर्नेलला दीर्घायुष्य मिळाले नाही, शास्त्रीबुवांच्या एकोणीस खंडांना गर्दीचा वाचक मिळाला नाही, सुब्रमणियन यांचे नाव मराठी वाचकाला बहुधा आज प्रथमच कळत असेल. तरीही तंजावूरविषयी पुढे जे कोणी लिहितील त्यांना यांच्या पुस्तकांपासूनच आरंभ करावा लागेल. 1342 रुमालांपैकी बरेचसे अजून वाचकाची वाट पाहत आहेत. या शाळेतून त्या रुमालांकडे जाणारा एखादा विद्यार्थी निघो, ही सदिच्छा व्यक्त करून हे विवेचन येथे पुरे करणे उचित होईल.