देश तिथं महारवाडा

(परभणीत तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण. बोललं तसं छापलंय.)



आज सिनेमावर बोलायचंय. काहीजणांच्या कपाळावर आठी दिसतेय. चळवळीपुढं एवढे प्रश्न पडलेत अन् ह्याला काहून सिनेमा सुचतोय? सुचतोय, कारण आपल्या वस्तीतलं पोरगं सभेला तासभर बसतं अन् सिनेमापुढं तीन तास. त्या तीन तासांत त्याच्या डोक्यात कोण काय भरतं, हा चळवळीचाच प्रश्न आहे.

आम्ही चार-पाच जणांनी एक उद्योग काढलाय. एक देश, एक सिनेमा. युनोत 193 देश आहेत. आठवड्याला एक म्हटलं तरी पावणेचार वर्षं लागतात. पासपोर्ट नको, व्हिसा नको. परभणीच्या पोराचं जग म्हणजे पूर्णा, नांदेड, मनमाड अन् रेल्वे संपते तिथं मुंबई. त्यापलीकडचं जग बघायचं तर आपल्याला पडदाच परवडतो.

अन् त्यानं फरक पडतो. इटलीचा ‘बायसिकल थीव्ज’ घ्या, 1948 चा. सायकल चोरीला गेली म्हणून कामाला मुकणारा बाप. ती भूमिका लाम्बेर्तो माज्जोरानी नावाच्या खऱ्या कारखाना कामगारानं केली. 1952 ला मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तिथं तो दाखवला. बिमल रॉयनं तो बघितला अन् 1953 ला ‘दो बिघा जमीन’ आला. परक्या मुलखातला एक सिनेमा इथल्या शेतकऱ्याला हातरिक्षासकट पडद्यावर आणतो.

पण मेख पुढंच आहे. एका देशाचा एकच सिनेमा, तर तो निवडायचा कुणी?

उलटं करून बघा. समजा सेनेगलमधलं एखादं पोरगं हाच उद्योग करतंय अन् त्याच्या यादीत भारत आला. त्याच्या हातात काय पडेल? ‘अछूत कन्या’, 1936? अस्पृश्य पोरगी, पण ती झाली देविकाराणी. ‘सुजाता’, 1959? तिथं नूतन. दुसरीकडं केरळात बघा. मल्याळमच्या पहिल्या सिनेमाची नायिका पी. के. रोझी, दलित बाई. तिनं पडद्यावर नायर बाई रंगवली म्हणून तिला हुसकून लावलं. म्हणजे सवर्ण बाईनं अस्पृश्य व्हायचं ती कला, अन् अस्पृश्य बाईनं सवर्ण व्हायचं तो गुन्हा!

ऑस्करवाल्यांनीही वर्षानुवर्षं हाच नियम चालवला. एक देश, एक सिनेमा. 1957 च्या ‘मदर इंडिया’पासून भारत आपला सिनेमा पाठवत आला. भारत म्हणजे कोण, हे एक कमिटी ठरवते. 2015 ला ‘कोर्ट’ गेला. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला विरा साथीदारांनी. हा आपल्या चळवळीतला माणूस, 2021 ला गेला. पण नागराज मंजुळेचा 2013 चा ‘फँड्री’ गेला नाही. त्यात शाळेत जनगणमन सुरू होतं, अन् डुकरामागं धावणारं अख्खं कुटुंब जागच्या जागी सावधान उभं राहतं. डुक्कर निसटतं. एवढ्या एका दृश्यात मावलेला भारत मला दुसरीकडं दिसला नाही.

म्हणून आमच्या उद्योगाला आम्ही एक अट घातली. गाव तिथं महारवाडा असं म्हणतात ना, तसं देश तिथं महारवाडा. प्रत्येक देशाचा तोच शोधायचा.

जपानचा कोन इचिकावाचा 1962 चा ‘हाकाई’ बघा. जपानात बुराकू म्हणून जमात आहे. जनावरं कापणं, कातडी कमावणं हे त्यांचे पिढीजात धंदे. 1871 च्या फर्मानानं कागदावर ते मोकळे झाले. नायक उशिमात्सु शाळामास्तर. जात कुणाला सांगू नको, ही बापाची शपथ. पुण्यात खोली बघताना आडनाव गिळणाऱ्या दोस्तांनो, हा तुमचा सिनेमा आहे. ज्या 1906 च्या कादंबरीवर तो निघाला, त्यात मास्तर भर वर्गात गुडघे टेकून माफी मागतो. माफी कशाची? जन्माची? ह्यावर आमच्या खोलीत रात्री दोनपर्यंत भांडण झालं. ते भांडण सिनेमाइतकंच कामाचं.

बोलिव्हियाचा होर्हे सान्हिनेसचा 1969 चा ‘यावर माल्कू’. केचुआ आदिवासींच्या गावात परदेशी लोक दवाखाना काढतात अन् बायांना न सांगता त्यांचं मूल होणं बंद करतात. 1976 ची सक्तीची नसबंदी ज्यांच्या वस्तीत येऊन गेली, त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

अन् सेनेगलचा उस्मान सेम्बेन. मार्सेय बंदरातला गोदी कामगार. कादंबऱ्या लिहिल्या. मग ध्यानात आलं, ज्यांच्यासाठी लिहितो त्यांना वाचताच येत नाही. म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकला. 1966 ला ‘ब्लॅक गर्ल’ काढला. डाकारची पोरगी मुलं सांभाळायला म्हणून फ्रान्सला जाते अन् तिथं बिनतोंडाची मोलकरीण होऊन बसते. मालकिणीपुढं ती गप्प, पण तिच्या मनातलं सगळं आपल्याला ऐकू येतं.

सेम्बेन मॉस्कोला गेला 1962 च्या सुमारास. त्याच्या आदल्याच वर्षी आपले अण्णाभाऊ साठे रशियात होते. तेही कामगार, तेही कादंबरीकार. अण्णाभाऊंच्या कादंबऱ्यांवर इथं सिनेमे निघाले. कॅमेरा मात्र अण्णाभाऊंच्या हातात आला नाही. तो आपल्या माणसाच्या हातात यायला किती वर्षं गेली, मोजा. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईवर प्रभातनं 1949 ला सिनेमा काढला. आज जिल्ह्यातून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या जनाबायांचा सिनेमा कोण काढणार? तुम्ही नाही तर कोण?

आता कामाचं. हे सिनेमे खोलीत कोंडून बघू नका. चादर बांधा, वस्तीत दाखवा. अडचण येते भाषेची. खाली इंग्रजी अक्षरं पळतात, आपल्या आयाबायांना ती वाचता येत नाहीत. मूकपटाच्या काळात जपानात पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा माणूस असायचा. त्याला बेन्शी म्हणत. आपल्याकडं शाहिरांची काय कमी आहे? एकानं आधी सिनेमा दोनदा बघावा अन् पडद्याशेजारी उभं राहून आपल्या बोलीत सांगावा.

सिनेमा संपला की उठू देऊ नका. तीन प्रश्न विचारा. पडद्यावर कोण होतं? कॅमेऱ्यामागं कोण होतं? अन् ह्या देशात आपण असतो तर कुठल्या वस्तीत राहिलो असतो? तिसऱ्या प्रश्नाला म्हाताऱ्या बायाच सगळ्यात आधी तोंड उघडतात, हा आमचा अनुभव आहे.

193 देश आहेत. भारताची जागा आम्ही यादीत मोकळी ठेवलीय. ती तुमच्यासाठी आहे. खिशातल्या फोनला कॅमेरा आहे.

जयभीम.