मत्स्यगर्भाचे पहिले तीन तास

ग्रहणकाळी गर्भवतीने सुरी हाती धरली तर मुलाचा ओठ चिरलेला निघतो, ही समजूत लोह्यासारख्या गावांपासून मुंबईपर्यंत आढळते. मुलात व्यंग निघाले की दोष मातेच्या माथी! या समजुतीस बोटाच्या दोन पेरांएवढ्या एका माशाने उत्तर दिले आहे.

अंगावरील पट्ट्यांमुळे त्यास झेब्रा मासा म्हणतात. त्याचे मूळ घर भारतीय उपखंडातील संथ, उथळ पाणी होय. त्याचे अंडे काचेसारखे पारदर्शक असल्याने गर्भाची घडण सूक्ष्मदर्शकातून जिवंतपणी पाहता येते.

फलनानंतर सुमारे पाऊण तासाने एका पेशीच्या दोन होतात. पुढे दर पंधरा मिनिटांनी त्या दुप्पट होत जातात. तिसऱ्या तासाच्या सुमारास त्यांची संख्या हजाराच्या घरात पोहोचते. नवल असे की, तोवर गर्भाची स्वतःची जनुके बहुतांशी मुकीच असतात. मग कारभार कोण चालवितो? परगावी निघालेल्या लेकरास आई शिदोरी बांधून देते, तद्वत मादी अंडे घडवितानाच आपल्या जनुकांचे संदेश त्यात साठविते. पुढे गर्भाची जनुके जागी होतात, जुने संदेश मोडीत काढतात आणि संसार आपल्या हाती घेतात. एका दिवसात हृदय धडधडू लागते. दोनतीन दिवसांत पिलू बाहेर पडते.

कोणते जनुक काय करते, हे ते बिघडल्यावर कळते. जर्मनीतील ट्युबिंगेन व अमेरिकेतील बोस्टन येथील संशोधकांनी असे शेकडो बिघाड हुडकून १९९६ साली प्रसिद्ध केले. ‘सायक्लॉप्स’ नामक जनुक बिघडले की माशाचे दोन्ही डोळे एकत्र येतात. ‘पेनर’ बिघडले की त्वचेच्या तळच्या पेशींची पकड सुटते. हे २००५ साली दाखविणाऱ्यांत महेंद्र सोनवणे होते. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी मत्स्यगर्भाच्या त्वचेचाच अभ्यास चालविला.

माशाचे हे ज्ञान माणसाच्या उपयोगी पडते. कारण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेनुसार सुमारे ७० टक्के मानवी जनुकांना या माशात जोड सापडते.

तात्पर्य, व्यंगाचे मूळ ग्रहणात नाही. ते कधी जनुकांत असते, तर कधी रोगात, औषधात वा आहाराच्या उणिवेत. जनुकातील बिघाड मातापित्यांपैकी कोणाकडूनही येतो, वा आपोआप उद्भवतो. तो कोणी हेतुपुरस्सर केलेला नसतो. म्हणून गर्भवतीस ग्रहणात उपाशी कोंडून ठेवण्याऐवजी सकस अन्न, फॉलिक आम्लाच्या गोळ्या व वेळेवर तपासणी द्यावी. चिरलेला ओठ शस्त्रक्रियेने सांधता येतो; निरपराध मातेस लावलेला बोल मात्र जन्मभर सलतो.