मधल्या अक्षराचा माग



सुट्टीचे दिवस आहेत. कुठे मुले स्क्रॅबलचा पट मांडून बसली असतील, कुठे मोठी माणसे मोबाइलवर वर्डल सोडवत असतील. तेव्हा आजचा विषय हलकाफुलका वाटला तर नवल नाही. हवी ती अक्षरे असलेला इंग्रजी शब्द शोधायचा कसा, एवढाच प्रश्न आहे. पण या प्रश्नापुढे जाडजूड शब्दकोशही हात टेकतो. ‘क्यू’ने सुरू होणारे शब्द विचारा, तो लगेच पान काढून देतो. ‘क्यू’ पोटात असलेले विचारा, की पहिल्या पानापासून चाळत बसा! कारण कोशाची सारी रचना पहिल्या अक्षरावर बेतलेली असते. माझे म्हणणे असे, की खेळताना शब्द सुचत नाही तेव्हा दोष स्मरणशक्तीचा कमी आणि मांडणीचा जास्त असतो.

मांडणी बदलून पाहणारी माणसे फार पूर्वीपासून आहेत. जॉन वॉकर या इंग्रज कोशकाराने १७७५ मध्ये एक कोश काढला. त्यात शब्दांचा क्रम शेवटच्या अक्षरापासून उलटा लावलेला होता. यमक शोधणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली, कारण एकसारखा शेवट असलेले शब्द शेजारी शेजारी आले. शब्द तेच, फक्त रांग फिरवली.

दुसरी वाट अक्षरे मोजण्याची. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने गुप्त लिपी फोडण्याची युक्ती लिहून ठेवली. भाषेत कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजा, म्हणजे सांकेतिक खुणांमागचे अक्षर ओळखता येते. हीच मोजणी पुढे खेळात आली. अमेरिकेतल्या महामंदीत अल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाची नोकरी गेली. रिकाम्या वेळात त्याने वृत्तपत्रांची पाने घेऊन अक्षरे मोजली आणि त्या हिशेबावर एक खेळ बेतला. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो याने त्याला स्क्रॅबल हे नाव दिले. या खेळाच्या इंग्रजी संचात १०० सोंगट्या असतात. त्यांत ‘ई’ १२ आणि ‘क्यू’ अवघा एक, पण त्याचे गुण १०. ‘एस’ इंग्रजीत पैशाला पासरी, तरी सोंगट्या चारच. प्रत्येक नामाला ‘एस’ चिकटवून अनेकवचन करत सुटले, तर खेळात राम उरणार नाही, हे बट्सने ओळखले होते.

आता प्रत्यक्ष एक हात खेळू. तुमच्यापुढे टी, आय, एन, एस, ई, एल ही सहा अक्षरे आली आहेत. बहुतेक जण ती मनातल्या मनात उलटीपालटी करतात. सहा वेगवेगळ्या अक्षरांच्या ७२० रचना होतात, त्यामुळे डोके गरगरते. मुरलेले खेळाडू अक्षरे आधी वर्णक्रमाने लावतात: ई, आय, एल, एन, एस, टी. घरी सराव करताना त्यांनी शब्दही याच रीतीने नोंदलेले असतात. सायलेंट, लिसन, टिन्सेल, एन्लिस्ट, इनलेट्स हे पाचही शब्द या एकाच ओळीखाली सापडतात. अर्थाने एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण अक्षरे तीच.

यात आपल्याला एक अडचण येते. आपण शब्द कानाने धरतो. ‘लिसन’मध्ये ‘टी’ आहे हे कान सांगत नाही. ‘एफ’च्या शोधात निघालो तर ‘फोन’ कामाचा नाही, कारण तिथे ‘पी’ आणि ‘एच’ बसले आहेत. आपल्या शब्दकोड्याच्या एका चौकटीत काना-मात्रेसकट, जोडाक्षरासकट आख्खे अक्षर मावते. इंग्रजीत स्वरसुद्धा वेगळी जागा अडवतो. म्हणून इंग्रजी शब्दखेळात उच्चार बाजूला ठेवून स्पेलिंग डोळ्यांनी वाचावे लागते.

कठीण अक्षरांसाठी तर छोट्या याद्याच पाठ कराव्या लागतात. ‘यू’विना ‘क्यू’ हा त्यातला नेहमीचा पेच. स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांच्या कॉलिन्स यादीत यावर उतारा आहे आणि तो आपल्या कानावरचाच: फकीर, तलाक, कव्वाली, सगळे ‘क्यू’ घालून लिहिलेले. दोनच अक्षरांत सुटायचे तर चिनी ‘ची’ आहे, ‘क्यू’ आणि ‘आय’. उलट ‘व्ही’ असलेला दोन अक्षरी शब्द त्या यादीत एकही नाही. हेही माहीत हवे, म्हणजे नसलेल्या शब्दामागे वेळ जात नाही.

मांडणीची ताकद किती, याचा पुरावा म्हणजे न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स. फ्रेंच बोलता येत नसताना २०१५ मध्ये तो फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला आणि २०२४ मध्ये स्पॅनिशचाही. अर्थाचा आधार न घेता त्याने हजारो शब्द निव्वळ अक्षरांच्या रचना म्हणून डोक्यात बसवले.

तुम्ही म्हणाल, आता संगणक आहे. आहेच. केन थॉम्प्सनने लिहिलेला ‘ग्रेप’ हा प्रोग्रॅम १९७३ पासून हेच काम करतो. माहीत असलेली अक्षरे लिहा, अज्ञात जागी ठिपके द्या, यादीतले सगळे जुळणारे शब्द क्षणात समोर येतात. सरावाला हे साधन उत्तम. डाव चालू असताना मात्र ती लबाडी. शिवाय यंत्राने चाळीस शब्द काढून दिले, तरी ‘एस’ आत्ताच खर्चायचा की पुढच्या फेरीसाठी राखायचा, हा निर्णय निव्वळ यादी देत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी अडलात की आठवणीला ताण देऊ नका. अक्षरे वर्णक्रमाने लावा, शेवटाला ‘आयएनजी’ किंवा ‘ईडी’ जमते का पाहा, आणि उरलेल्यांतून सुरुवात शोधा. शब्द बहुधा तुम्हाला येतच असतो. त्याच्यापर्यंत जायला तुम्ही फक्त पहिल्या अक्षराचीच वाट धरलेली असते.