झोताबाहेर सांडणारी ऊर्जा

नर्मदेच्या परिक्रमेला गेलेल्या पुष्कळ मराठी माणसांना नेमावर हे गाव ठाऊक असते. देवास जिल्ह्यातील हे क्षेत्र नदीच्या उत्तर तीरावर असून समोर दक्षिण तीरावर हंडिया आहे. सिद्धनाथाचे जुने, कोरीव मंदिर घाटाच्या वर उभे आहे आणि नदीचे नाभिस्थान येथेच आहे अशी भाविकांची श्रद्धा आहे. गेल्या वर्षी मी तेथे दोन दिवस मुक्कामास होतो. संध्याकाळी घाटावर भजन चालू होते आणि एका खांबावर बांधलेला भोंगा नदीकडे तोंड करून ते दूरवर पोचवीत होता. मी बसलो होतो भोंग्याच्या पाठीमागे, मंदिराच्या ओट्यावर. तरीही भजन मला ऐकू येत होतेच. फक्त मृदंगाचा घुमारा तेवढा स्पष्ट आणि झांजांचा किणकिणाट मात्र पार हरवलेला!

हा अनुभव कोणालाही येण्यासारखा आहे. पण ज्याने आयुष्याची चार-पाच वर्षे अँटेनाच्या पाठीमागे काय सांडते याचा शोध घेण्यात घालविली, त्याला भजनात लक्ष ठेवणे त्यानंतर कठीण जाते. भोंग्याच्या तोंडाच्या मानाने ध्वनीची लहर मोठी असली की ती कडांना वळसा घालून मागे पसरते. लहर लहान असली की ती बरीचशी सरळ जाते. मृदंग मागे ऐकू आला, झांजा आल्या नाहीत, त्याचे कारण एवढेच. सूक्ष्मतरंगांच्या अँटेनालाही हाच नियम लागू आहे. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी 1895 साली कलकत्त्यात मिलिमीटरांत मोजाव्या लागणाऱ्या लहरींचे प्रयोग करून दाखविले, आणि पुढे आपल्या उपकरणांत नरसाळ्याच्या आकाराचा अँटेना वापरला. आजचा शिंगाकृती अँटेना हा त्याचाच वंशज होय.

आता, अँटेनाने सर्व ऊर्जा एकाच दिशेला पाठवावी अशी आपली इच्छा असते. निसर्ग ती कधीच पूर्ण होऊ देत नाही. वर्तुळाकार तबकडी सर्वत्र सारख्या तेजाने उजळली, तर मुख्य झोताच्या शेजारी पहिला पार्श्वझोत उभा राहतो आणि त्याची तीव्रता मुख्य झोताच्या सुमारे सत्तावन्नाव्या भागाइतकी असते. तबकडीच्या कडेकडे तेज हळूहळू कमी केले की हा पार्श्वझोत खाली बसतो, पण मग मुख्य झोत रुंदावतो आणि त्याचा जोर घटतो. एका हाताने घ्यावे आणि दुसऱ्या हाताने द्यावे, असा हा व्यवहार आहे. त्यातून तबकडीच्या कडेबाहेर सांडणारी ऊर्जा निराळी, आणि पुढचा शिंगाकृती अँटेना तोलून धरणाऱ्या खांबांवर आपटून विखुरणारी निराळी. शिंगाच्या आतल्या भिंतीवर बारीक खाचा पाडण्याची युक्ती 1960 च्या दशकात रूढ झाली. तिने कडेची गळती पुष्कळच आवरली.

परंतु शक्ती थोडी असेतोवरच हे सारे सरळ आहे. किलोवॉट आणि त्याहून अधिक शक्ती वाहू लागली की पदार्थाचा स्वभाव बदलतो. गळती पिऊन टाकण्यासाठी लावलेला शोषक तापतो, तापून खराब होतो. धातूच्या तीक्ष्ण कडेजवळ विद्युत्क्षेत्र दाटते, आणि ते दर मीटरला सुमारे 30 लाख व्होल्टपर्यंत चढले की खुद्द हवाच विद्युत्वाहक बनून ठिणगी पडते. म्हणून गळती थांबविण्यासाठी जे जे करावे, त्याच्या कडा गोल घासाव्या लागतात, त्याला थंडही ठेवावे लागते.

याचा फटका मला स्वतःलाच बसला, तो सांगतो. माझा अँटेना कमी शक्तीवर मोजला की आलेख अगदी मनासारखा येई. पूर्ण शक्ती सोडली की मूळ वारंवारतेच्या दुपटीवर आणि तिपटीवर नको असलेले तरंग डोके वर काढीत, आणि तेही आलेखात ज्या दिशेला काही नसावे त्या दिशेला. तीन महिने मी शिंगाची मापे पुन्हा पुन्हा बदलली. माझे गणित चुकले आहे, या समजुतीने मी झोप गमावली. अखेर दोष सापडला तो तरंगनलिकेच्या एका सांध्यात. तेथील एक बोल्ट सैल होता. दोन धातूंच्या मध्ये गंजाचा पातळ थर जमला होता आणि शक्ती वाढली की तेथे विजेचे वर्तन बिघडून नव्या वारंवारता जन्मास येत होत्या. बोल्ट आवळण्यास दोन मिनिटे लागली. प्रबंधात हे लिहावे की नाही, याचा मी पंधरा दिवस विचार केला; कारण तीन महिन्यांचे काम एका सैल बोल्टाने वाया गेले हे परीक्षकांस सांगणे फारसे भूषणावह नव्हते. शेवटी लिहिले. पुढे ज्यांनी तो प्रबंध मागून नेला, त्यांतील बहुतेकांनी तेच पान उघडले, असे मला नंतर कळले.

इतक्या किरकोळ गळतीची एवढी काळजी कशासाठी, असे आपण विचाराल. उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, नारायणगावाजवळ खोडद येथे उभे आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. 14 मध्यभागी जवळजवळ, आणि उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे 25 किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. आता हिशेब करून पाहू. एखाद्या 1 किलोवॉटच्या प्रक्षेपकातून दहा लाखांश भाग, म्हणजे 1 मिलिवॉट, भलत्या वारंवारतेवर 1 मेगाहर्ट्झ रुंदीत सर्व दिशांना सांडला. 10 किलोमीटरवर त्याची तीव्रता, खगोलज्ञांच्या मापात, सुमारे 8 कोटी जान्स्की भरते. उलट, ज्या दीर्घिकांचा शोध घ्यायचा, त्यांपैकी पुष्कळांचे तेज एका जान्स्कीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. दुर्बिणीने तिकडे तोंड फिरविलेले नसले तरी सुटका नाही, कारण दुर्बिणीलाही पार्श्वझोत आहेतच. म्हणूनच हायड्रोजनच्या 1420 मेगाहर्ट्झ रेषेभोवतीचा पट्टा, 1400 ते 1427 मेगाहर्ट्झ, आंतरराष्ट्रीय कराराने प्रक्षेपणास पूर्णपणे बंद ठेवला आहे.

गळती नेहमी मोठ्या यंत्रांचीच असते असेही नाही. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीवर 1998 पासून अधूनमधून गूढ संकेत उमटत. 2015 साली उलगडा झाला: वेधशाळेतील कोणीतरी सूक्ष्मतरंग भट्टी बंद होण्याची वाट न पाहता दार उघडीत असे, आणि मॅग्नेट्रॉन विझता विझता क्षणभर जे प्रक्षेपण बाहेर पडे, तेच हे! खोडदलाही विजेच्या उघड्या तारांवरच्या ठिणग्यांचा त्रास आहे. तेथील शास्त्रज्ञांनी असले क्षणिक ठोके ओळखून वेधांतून वगळणारी यंत्रणा बसविली आहे. परंतु घरात शिरलेले पाणी उपसणे आणि छप्पर शाकारणे यांत भेद आहे. माझ्या मते छपराची जबाबदारी प्रक्षेपक उभारणाऱ्याची.

नेमावरच्या घाटावर माझ्या मनात आणखी एक विचार येऊन गेला. 3 मीटर व्यासाच्या तबकडीचा झोत 3 सेंटीमीटरच्या लहरींवर नीट मोजायचा तर 600 मीटर मोकळे अंतर हवे. एक यंत्र या घाटावर, दुसरे हंडियाच्या बाजूस. मध्ये ना झाड, ना घर. पण लगेच ध्यानात आले की मध्ये नर्मदा आहे, आणि तिच्या सपाट पाण्यावरून परतणारा तरंग सरळ येणाऱ्या तरंगात मिसळून सारी मापे बिघडविणार.

तेवढ्यात ओट्यावर झोपलेल्या एका वृद्ध परिक्रमावासीयाने उठून भोंगेवाल्याजवळ तक्रार केली. त्याने नम्रपणे भोंग्याचे तोंड आणखी पाण्याकडे वळविले. ओट्यावर काहीच फरक पडला नाही. आजोबा पुन्हा गेले. या वेळी त्याने यंत्राची खुंटी फिरवून आवाजच निम्मा केला.