सोन्याच्या गावात हिवाळी मुक्काम

जुलै म्हटला की आपल्याकडे पाऊस, छत्र्या आणि न वाळणारे कपडे. ऑस्ट्रेलियात मात्र तो भर हिवाळा. २०१७ च्या जुलैत मेलबर्नला राहणारी माझी लेक आणि जावई आम्हा दोघांना कॅरव्हॅनमधून फिरवायला निघाले. कॅरव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडलेली चाकांवरची खोली. तीत पलंग, शेगडी, भांडी, सगळं असतं. गाडीवर संसार लादून निघणं आपल्या ऊसतोड कामगारांना काही नवं नाही, फरक एवढाच की तिथे ती हौस आहे.

पहिला मुक्काम पडला बेंडिगोला. मेलबर्नपासून साधारण दीडशे किलोमीटर. अशा गाड्यांसाठी तिथे खास तळ असतात. वीज-पाणी जोडून मिळतं, स्वयंपाकघर सामायिक. पहाटे उठलो तर गवतावर पांढरं हिव आणि पाण्याची रबरी नळी गोठून काठीसारखी ताठ. शेजारच्या गाड्यांमधून बहुतेक निवृत्त मंडळी होती. घराला कुलूप लावून महिनोन् महिने अशीच फिरणारी. उत्तरेच्या उबेकडे जाताना वाटेत थांबलेली.

श्रोतेहो, या गावात १८५१ साली सोनं सापडलं आणि मेंढ्यांच्या कुरणात बघता बघता शहर उभं राहिलं. कितीतरी वर्षं त्याचं अधिकृत नाव सँडहर्स्ट होतं. बेंडिगो हे लोकांच्या तोंडचं नाव १८९१ मध्ये कायम झालं. मधल्या चौकातलं कारंजं, जुन्या हॉटेलच्या नक्षीदार गॅलऱ्या, दगडी इमारती पाहिल्या की एके काळी इथे किती पैसा खेळला ते सांगावं लागत नाही. त्याआधी ही भूमी जा जा वुरुंग या मूळ रहिवाशांची होती. सोन्यासाठी खणून ठेवलेल्या आपल्या मुलखाला ते उलटीपालटी केलेली भूमी म्हणतात. २०१३ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारने त्यांच्याशी करार करून त्यांचा हक्क मान्य केला. सोनं सापडल्यानंतर तब्बल १६२ वर्षांनी.

सेंट्रल डेबोरा ही खाण आता पाहुण्यांसाठी ठेवली आहे. १९५४ मध्ये ती बंद झाली. डोक्यावर दिव्याची टोपी घालून पिंजऱ्यातून आम्ही ६१ मीटर खाली उतरलो. बायकोने माझा हात धरला होता, की मी तिचा, हे अजून ठरलेलं नाही. खाली वाटाड्याने सगळे दिवे मालवले. तसा काळोख मी त्याआधी पाहिला नव्हता. मग त्याने छिद्रं पाडायचं यंत्र क्षणभर चालवून दाखवलं. कान बधिर झाले. इथलं सोनं गारगोटीच्या थरांत अडकलेलं. सुरुवातीच्या यंत्रांना पाण्याची फवार नव्हती, त्यामुळे गारगोटीची बारीक धूळ थेट कामगारांच्या छातीत जायची. इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून आलेले पिढीजात खाणकामगार इथे खोकून खोकून अकाली गेले. माझे वडील गिरणीत होते. कापसाच्या धुळीने आलेला त्यांचा खोकला आमच्या चाळीत घड्याळासारखा ओळखीचा होता. त्यामुळे वाटाड्या सोन्याचे आकडे सांगत होता तेव्हा माझं लक्ष त्या भिंतीतल्या पांढऱ्या रेघेकडेच राहिलं.

चिनी लोकांची कथा निराळी. दक्षिण चीनमधून आलेले हे लोक या गावाला मोठा सोन्याचा डोंगर म्हणत. ते फार झाले असं गोऱ्यांना वाटू लागलं, तेव्हा १८५५ मध्ये व्हिक्टोरियाने कायदा केला. जहाजाने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसला. म्हणून ते शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात रोब नावाच्या बंदरावर उतरू लागले आणि तिथून चारशेहून अधिक किलोमीटर पायी चालत सोन्याच्या मुलखात पोचू लागले. खांद्यावर कावड, मागे-पुढे रांग. वाटेत किती पडले कोण जाणे!

बेंडिगोत १८७१ पासून ईस्टरला जत्रा भरते. गरिबांचा आश्रम आणि रुग्णालय यांच्यासाठी पैसे जमवायला ती सुरू झाली. पुढे चिनी मंडळींनी तिच्यात आपली मिरवणूक आणली, आपला रेशमी ड्रॅगन आणला. ज्यांच्या डोक्यावर कर बसवला, त्यांनीच गावाच्या रुग्णालयासाठी रस्त्यावर नाचून पैसे गोळा केले! आज त्या ड्रॅगनशिवाय ईस्टरची कल्पनाच कुणी करत नाही. आम्ही गेलो तेव्हा १९७० सालचा, सुमारे शंभर मीटर लांबीचा सून लूंग संग्रहालयात वेटोळं घालून विसावला होता. २०१९ मध्ये त्याने नव्या ड्रॅगनला जागा करून दिली. गावाबाहेर त्यांचं लाल रंगाचं विटांचं छोटं मंदिरही आहे. जुन्या ट्रॅमने तिथवर गेलो. आत उदबत्तीचा वास होता.

मंदिर पाहून परतताना जावई म्हणाला, "अब्बा, इथल्या मशिदीचं ऐकलंय ना?" ऐकलं होतं. २०१४ मध्ये नगरपालिकेने मशिदीला परवानगी दिली आणि मोठा विरोध झाला. २०१५ मध्ये निदर्शनं झाली, त्यांत बाहेरून आलेलेही पुष्कळ होते. दुसरीकडे गावातल्याच लोकांनी दारोदारी पिवळे फुगे बांधून 'आम्ही यांच्यासोबत नाही' असं न बोलता सांगितलं. खटला वरपर्यंत गेला. तिथे हायकोर्ट म्हणजेच देशाचं सर्वोच्च न्यायालय. जून २०१६ मध्ये त्याने विरोधकांना अपिलाची परवानगी नाकारली. त्यानंतर काही वर्षांनी बांधकाम सुरू झालं.

आम्ही पाहिली ती नुसती मोकळी जागा होती. कारखान्यांच्या शेडजवळ, कडेला निलगिरीची झाडं. कविता सुचावी असं तिथे काही नव्हतं, आणि मी लिहिलीही नाही. बायकोने विचारलं, "एवढं भांडण या जागेवरून?" थोडा वेळ थांबलो. वारा बोचरा होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. इथले मुसलमान विद्यापीठातल्या एका खोलीत नमाज पढत. आम्ही गेलो. दाराशी बुटांचे जोड दाटीने पडलेले. आत विद्यार्थी, एक-दोन डॉक्टर, एक टॅक्सीवाला. नमाजानंतर लाहोरच्या एका डॉक्टरांनी विचारलं, "कुठले तुम्ही?" मी सोलापूर सांगितलं. त्यांनी ते नाव कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी थर्मासमधला चहा कागदी पेल्यात ओतला आणि जत्रेला यायचं असेल तर ईस्टरला या, म्हणाले. त्यांची मुलं दर वर्षी ड्रॅगन पाहायला पुढच्या रांगेत उभी असतात.